शोकेसमधला शंख

आमच्या भेटीच्या खोलीत सध्या एक दगडी शंख आहे. आखाती देशातून सुट्टीवर आलेल्या एका धर्मग्रामस्थाने तो आम्हांला प्रेमाने दिला. मधोमध चिरलेला, घासून आरशासारखा गुळगुळीत केलेला. आत चक्राकार कप्पे आणि काही कप्प्यांत मधाच्या रंगाचे स्फटिक. याला अमोनाइट म्हणतात. मादागास्करच्या वायव्य भागातील खडकांतून निघणारे हे जीवाश्म चिरून, चकाकी देऊन जगभर दिवाणखान्याची शोभा म्हणून विकले जातात.

भेट घेताना आम्ही "सुंदर!" एवढेच म्हणालो. परंतु धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलीने तो हातात घेऊन विचारले, "फादर, हा जिवंत होता ना? मग आपण याला शोभेसाठी का ठेवायचे?" आम्ही चटकन उत्तर दिले, "बाळ, देवाने सृष्टी माणसासाठीच निर्माण केली आहे." मुलगी गप्प झाली. अस्वस्थ झालो ते आम्हीच.

हा प्राणी आपल्या कोळीवाड्यात मिळणाऱ्या माकुलाच्या दूरच्या गोतातला. तो शंखाच्या शेवटच्या कप्प्यात राही. वाढला की पुढे सरके आणि मागे भिंत घालून जुनी खोली बंद करी. मागच्या कप्प्यांतून जाणाऱ्या बारीक नळीच्या साहाय्याने तो पाण्यात आपला तोल सांभाळी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा सारा वंश पृथ्वीवरून नाहीसा झाला. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हारसातून थिजला तोही त्याच सुमारास. मादागास्करचे हे शंख तर त्याहूनही जुने, सुमारे ११ कोटी वर्षांचे आहेत. त्यांचे सौंदर्य पाहायला तेव्हा एकही मानवी डोळा नव्हता.

मग ते कोणासाठी होते? उत्पत्तीच्या पुस्तकात जलचर पाचव्या दिवशी निर्माण होतात आणि देव त्यांना चांगले म्हणतो. माणूस येतो तो सहाव्या दिवशी. हे दिवस आपल्या घड्याळाचे नव्हेत; पण त्यांच्या क्रमाला अर्थ आहे. माणसाने किंमत ठरवण्याआधीच देवाने त्या जीवाचे मोल जाणले होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकातून हेच शिकवले: प्रत्येक जीवाला स्वतःचे मोल आहे, ते आपल्या उपयोगावर अवलंबून नाही. आमचे उत्तर खोटे नव्हते, अर्धवट होते.

मग चकाकी देणे हे पाप आहे काय? तसे आम्हांला वाटत नाही. इंग्लंडमधील व्हिटबी येथे सातव्या शतकात संत हिल्डा या मठमाता होत्या. त्यांनी प्रार्थनेने सापांचे दगड केले, अशी दंतकथा तेथे रुजली आणि किनाऱ्यावरचे अमोनाइट म्हणजेच ते साप, असे लोक मानू लागले. पण या सापांना डोके नव्हते! तेव्हा कारागीर शंखावर सापाचे डोके कोरू लागले आणि असे शंख विकले जाऊ लागले. श्रद्धेच्या नावाने जोडलेले असत्य शेवटी असत्यच.

याउलट डेन्मार्कचे नील्स स्टेन्सन पाहा. १६६६ साली फ्लॉरेन्स येथे शार्कच्या डोक्याचे विच्छेदन करताना त्यांनी ओळखले की, खडकांत सापडणाऱ्या तथाकथित 'जिव्हाशिळा' म्हणजे प्राचीन शार्कचे दात आहेत. खडकांचे थर एकावर एक कसे साचतात, याचे नियम त्यांनी १६६९ साली मांडले. मूळचे लुथरपंथी असलेले स्टेन्सन १६६७ साली कॅथलिक झाले, पुढे धर्मगुरू आणि महागुरू झाले. १९८८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना 'धन्य' घोषित केले. त्यांनी दगडाला डोके जोडले नाही. दगड जे सांगत होता ते नम्रपणे ऐकले.

आमच्या मते भेद येथेच आहे. जी चकाकी आतले सत्य उघड करते ती निर्दोष आहे. पण शंख आपल्या थरातून निघाला, त्याचे ठिकाण कोणी नोंदले नाही, तर त्याचा अर्धा इतिहास हरवतो. तो खणणाऱ्या आणि घासणाऱ्या हातांना काय मिळाले, हेही किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. गंडकी नदीतला असाच शंख आपले हिंदू शेजारी शाळिग्राम म्हणून देव्हाऱ्यात ठेवतात. आपण त्याची पूजा करीत नाही. पण वस्तूपुढे आवाज खाली आणण्याची ती रीत आपण विसरावी काय?

पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलीला वर्गात उभे केले आणि सर्वांसमोर सांगितले की, तिचा प्रश्न आमच्या उत्तरापेक्षा मोठा होता. शंख आता समुद्रात परत जाणार नाही. त्याच्याखाली एक चिठ्ठी ठेवावी, असे तिनेच सुचवले. तिच्या अक्षरातली ती चिठ्ठी आज तेथे आहे: नाव, देश, वय. मालकाचे नाव लिहायला तिने जागा सोडली नाही, आणि आम्हीही ती मागितली नाही.