साडेतीन इंचांची पाटी

मनुष्य एखादी नवी वस्तु घ्यावयास निघतो तेव्हां तो प्रथम दुकानांत जात नाहीं. प्रथम तो आपल्या मनाच्या न्यायासनापुढें उभा राहतो, आणि तेथें वादी, प्रतिवादी, साक्षीदार व न्यायाधीश हीं चारहि कामें स्वतःच करतो. अशा खटल्याचा निकाल काय लागावयाचा हें सांगण्यास ज्योतिषी नको. आमच्यापुढें गेले दोन महिने असाच एक खटला चालू होता. विषय अगदीं क्षुल्लक : सायकलीच्या हँडलावर बसवावयाचें, वाट दाखविणारें जी.पी.एस. यंत्र. जुनें चांगलें चालत असतां मोठ्या पडद्याचें नवें घ्यावें कीं नाहीं, एवढाच प्रश्न. परंतु क्षुल्लक वस्तूच्या वेळीं मन जे डाव खेळतें ते मोठ्या वस्तूच्या वेळीं खेळत नाहीं, कारण मोठ्या वस्तूकडे घरांतील मंडळींचें लक्ष असतें.

ज्या वाचकांच्या पाहण्यांत हें यंत्र आलें नसेल त्यांच्यासाठीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. आमचें जुनें यंत्र गार्मिन कंपनीनें २०१९ सालीं बाजारांत आणलेल्या 'एज ५३०' या नमुन्याचें. त्याचा पडदा कर्णावर मोजला तर २.६ इंच, म्हणजे काड्यापेटीहून किंचित् मोठा. जें घ्यावें असें मनांत येत होतें तें त्याच घराण्यांतलें, २०२२ सालचें 'एज १०४०'. त्याचा पडदा साडेतीन इंचांचा, क्षेत्रफळानें पहिल्याच्या दीडपटीहून अधिक. नकाशा दोहोंच्याहि पोटांत आहे. वेग किती, अंतर किती काटलें व किती उरलें, पुढचा चढ किती लांब व किती खडा, हें दोन्हीं यंत्रें सांगतात; छातीस पट्टा बांधला तर हृदयाचे ठोकेहि मोजून दाखवितात. म्हणजे नव्यानें जें कळणार तें बहुतेक सारें जुन्यानें कळतच होतें. मुख्य फरक अक्षरांच्या आकाराचा.

या पाटीच्या पाठीमागें उभी असलेली विद्या मात्र क्षुल्लक नव्हे. पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे निदान २४ उपग्रह दिवसांतून दोनदां पृथ्वीस प्रदक्षिणा घालीत असतात. त्यांतील पहिला १९७८ सालीं वर गेला, आणि १९९५ सालीं ही योजना सर्वांगीं पूर्ण झाल्याचें जाहीर झालें. आपण कोठें आहों आणि आपल्या घड्याळांत किती वाजले, एवढेंच प्रत्येक उपग्रह अखंड सांगत असतो. तो निरोप पोंचण्यास किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढतें, आणि असे चार निरोप जुळले म्हणजे स्वाराचा ठावठिकाणा निश्चित होतो. वरचीं घड्याळें जमिनीवरच्या घड्याळांपेक्षां रोज सेकंदाच्या दहा लक्षांश भागांपैकीं ३८ भाग पुढें जातात. आइनस्टाइनच्या सिद्धान्तास अनुसरून ही चूक आधींच सुधारून ठेवली नसती तर एका दिवसांत आमची सायकल नकाशावर दहाएक किलोमीटर भलतीकडे जाऊन पडली असती. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत तर सामान्य जनांस मिळणारा संदेश मुद्दाम अंधुक करून ठेवीत असत. स्वच्छ संदेश लष्करासाठीं राखलेला असे. इतक्या मोठ्या बुद्धीचा आणि इतक्या मोठ्या खर्चाचा उपयोग आम्ही कशाकडे करतों? तर पौडच्या पुढें चहाची टपरी आणखी किती दूर आहे तें पाहण्याकडे. यांत आम्हांस लाज वाटावी कीं अभिमान, हें अद्याप ठरलेलें नाहीं.

आतां आमच्या बाजूचा पुरावा. मराठींत 'चाळिशी' हा शब्द वयालाहि लावतात आणि चष्म्यालाहि. भाषेनें हे दोन अर्थ एकाच शब्दांत बांधून ठेवले यांत तिचा व्यवहारी शहाणपणा दिसतो. त्या वयाच्या सुमारास डोळ्यांतील भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचें अक्षर पुसट दिसूं लागतें. वाचनाचा चष्मा लावून सायकल चालवावी तर यंत्र दिसतें पण रस्ता पुसट होतो. न लावावा तर रस्ता दिसतो आणि यंत्र पुसट होतें. तेव्हां मोठीं अक्षरें ही चैन नसून वयाची निकड आहे, असें आम्हीं कोर्टापुढें मांडलें. घरांतून सूचना आली कीं दुभिंगी चष्मा घेतल्यास काम पुष्कळच स्वस्तांत होईल. ही सूचना आम्हीं दप्तरीं दाखल करून घेतली नाहीं. पुढें एके दिवशीं प्रामाणिकपणें तपासून पाहिलें, तेव्हां असें आढळलें कीं वेग, अंतर, वेळ हे मोठे आंकडे आम्हांस त्या काड्यापेटीवर व्यवस्थित दिसत होते. दिसत नव्हतीं तीं नकाशावरचीं बारीक नांवें. आणि तीं वाचण्याची वेळ वर्षांतून दोनतीनदांच येत असे. म्हणजे डोळे हे केवळ वकील होते. अशील दुसरेंच कोणी होतें.

तथापि, कष्ट कमी करणारी प्रत्येक वस्तु माणसाला हीन करते, असें मानणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. सायकलीच्या इतिहासांत हा वाद एकदां मोठ्या आवेशानें झालेला आहे. टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ सालीं सुरू करणारे आंरी देग्रांज यांस सायकलीचे बदलते गिअर मुळींच मान्य नव्हते. असल्या सोयी पंचेचाळिशीच्या पुढच्या माणसांना शोभतात, खऱ्या मर्दानें स्नायूंच्या बळावर जिंकावें, अशा अर्थाचें त्यांनीं १९०२ सालीं लिहिलें होतें. आणि मागचा गिअर बदलण्याच्या त्या युक्तीस त्यांच्या शर्यतींत मोकळीक मिळण्यास १९३७ साल उजाडावें लागलें. दुसऱ्या बाजूस सेंत एतिएन गांवचे पॉल द व्हिव्ही, 'व्हेलोसिओ' या टोपणनांवानें प्रसिद्ध असलेले, आयुष्यभर गिअरांचा पुरस्कार करीत डोंगर चढत राहिले. आम्ही निःशंकपणें व्हेलोसिओच्या बाजूचे आहों. ज्यानें ताम्हिणी किंवा वरंधा एकदां तरी चढला असेल त्यास देग्रांज यांचा अभिमान परवडणारा नाहीं. आणि पंचेचाळिशीचा टोमणा आम्हांस वैयक्तिक रीत्या लागू होत असल्यामुळें तो आम्ही निःपक्षपाती बुद्धीनें ऐकूं शकत नाहीं, हेंहि कबूल करतों.

चीनमधील चुआंग-त्से याच्या ग्रंथांत एका म्हाताऱ्या माळ्याची गोष्ट आहे. तो विहिरींत उतरून घड्यानें पाणी आणी व मळ्याला घाली. कन्फ्यूशियसच्या एका शिष्यानें त्याला, एका टोंकास वजन असलेल्या आडव्या दांड्यानें पाणी उपसण्याची युक्ति सांगितली. म्हातारा हंसला. ती युक्ति मला ठाऊक नाहीं असें नाहीं, तो म्हणाला, पण यंत्र वापरणाऱ्याचें काळीजहि यंत्रासारखें होतें, म्हणून मला तिची लाज वाटते. ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हां आम्ही फार भारावून गेलों होतों. आतां मनांत येतें कीं, म्हाताऱ्याच्या हातांतला घडा हें तरी यंत्र नव्हे काय? कुंभाराचें चाक फिरल्यावांचून घडा झाला नाहीं. तेव्हां यंत्र आणि यंत्राचा अभाव यांच्यामध्यें रेघ ओढण्यांत अर्थ नाहीं. आमच्या मतें पाहावयाचें तें निराळेंच. गिअर पायांचा भार हलका करतो आणि मोबदल्यांत कांहींच मागत नाहीं. पडदा स्मरणाचा भार हलका करतो, परंतु मोबदल्यांत डोळे मागतो. यावर आमचे एक स्नेही, ज्यांच्या सायकलीवर मोठा पडदा केव्हांच विराजमान झाला आहे, असें उत्तर देतात कीं अक्षर मोठें असेल तर नजर कमी वेळ खालीं राहते, सबब मोठा पडदा डोळे कमी मागतो. युक्तिवाद बिनतोड आहे. आम्हांस तो पटतोहि. पण बिनतोड युक्तिवाद ऐकला म्हणजे आम्हांस भोरच्या रस्त्यावरील एक गोष्ट आठवते, ती येथें सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं.

तीन वर्षांपूर्वीं आम्ही २०० किलोमीटरांच्या एका फेरींत भाग घेतला होता. 'ब्रेव्हे' नांवाच्या या फेऱ्यांची चाल मूळची फ्रान्समधली. त्यांत शर्यत नसते, पहिला-दुसरा क्रमांक नसतो, फक्त २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आंत पुरे करावयाचे असतात. म्हणजे जेवणखाण, विसांवा सर्व धरून सरासरी ताशीं पंधरा किलोमीटरांच्या किंचित् खालीं. दुपारच्या उन्हांत भोरच्या अलीकडे एका वळणावर एक गृहस्थ उभे होते. साधी काळी सायकल, मागें दोन्हीं अंगांस दुधाचीं रिकामीं किटल्या-कॅन अडकविलेलीं, आणि तुटलेली चेन हातांत. त्यांनीं आम्हांस पाहून हात वर केला. आमच्या पिशवींत हत्यारें होतीं. त्यांचा हात आम्हांस स्पष्ट दिसला. त्या दिवशीं डोळ्यांचा कांहीं दोष नव्हता. मग आमची नजर खालीं गेली. पडद्यावर सरासरी १४.९ होती. आम्ही पायडल मारीत पुढें गेलों.

फेरी आम्हीं बावीस मिनिटें राखून पुरी केली. तिचें पदक घरीं एका खणांत आहे.

यंत्रानें आम्हांस थांबूं नका असें सांगितलें नव्हतें, हें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. त्यानें एक आंकडा दाखविला. आज्ञा आमची आम्हींच त्यांत वाचली. यंत्र नसतें तर आम्ही खात्रीनें थांबलों असतों असें म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. मनगटावर घड्याळ होतेंच, आणि ज्यास जावयाचें असतें त्यास सूर्याकडे पाहूनहि उशीर झालेला दिसतो. इतकेंच म्हणतां येईल कीं, त्या अर्ध्या क्षणांत मनाची जी चलबिचल व्हावयाची ती आंकड्यानें होऊं दिली नाहीं. थांबावें कीं जावें ही शंका जोंपर्यंत जिवंत असते तोंपर्यंत त्या माणसालाहि कांहीं आशा असते. आणखी एक विचित्र गोष्ट. याच यंत्रांत, बोटानें पान उलटलें असतें तर, किती वाजतां पोंचूं याचा अंदाजहि होता. तो पाहिला असता तर हाताशीं सवड आहे हें कळलें असतें. मोठ्या पडद्यावर हे दोन्हीं आंकडे शेजारीं शेजारीं दिसतात. म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या मतें त्या दिवशीं आमच्यापाशीं उणीव होती ती एका इंचाची! आम्ही हें ऐकून हंसलों खरे; पण ती रात्र आम्हीं फारशा स्वस्थतेनें काढली नाहीं.

वाट स्वतः लक्षांत ठेवण्याचा व्यायाम बुडतो हा आक्षेप नेहमीं घेतला जातो, आणि त्यांत तथ्य आहे. लंडनमधील टॅक्सीवाल्यांस परवान्यासाठीं सुमारें २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. त्यांच्या मेंदूंतील हिपोकॅम्पस नांवाच्या भागाचा मागचा अंश इतरांपेक्षां मोठा आढळला, असें २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दाखविलें गेलें. परंतु हा आक्षेप जुन्या यंत्रावर जितका येतो तितकाच नव्यावर. तो येथें वाढविण्याचें प्रयोजन नाहीं.

याहून मोठी गोष्ट म्हणजे वाट विचारणें. आम्ही या विषयावर पूर्वीं पुष्कळ बोललों आहों. यंत्र आल्यापासून गांवच्या पारावर थांबून 'दादा, हा रस्ता कुठें जातो?' असें विचारणें संपलें, त्याबरोबर माणसामाणसांतील एक ओढ संपली, असें आम्ही मित्रमंडळींत कळवळून सांगत असूं. एकदां हेंच पुराण चालू असतां आमची पुतणी, जी सुटीच्या दिवशीं एकटीच शंभर-शंभर किलोमीटर सायकल हांकते, शांतपणें म्हणाली, "काका, तुम्ही रस्ता विचारलात कीं लोक तुम्हांला चहा पाजतात. मी विचारला कीं आधीं विचारतात, एकटीच का? मग कुठून आलीस, कुठें उतरणार. मला यंत्र बरें वाटतें. तें मला कांहीं विचारीत नाहीं." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, अजूनहि सुचलेलें नाहीं. जें आम्ही मानवतेच्या नांवानें इतकीं वर्षें सांगत होतों तें मानवतेचें नसून बरेंचसें पुरुषांचें सुख होतें, एवढें मात्र त्या दिवशीं कळलें. तिच्या हँडलावरची पाटी तिला निर्भयपणें रस्त्यावर ठेवते. ती पाटी केवढी असावी हें ठरविण्याचा अधिकार चुआंग-त्सेच्या माळ्यालाहि नाहीं.

मग आमचें काय? वाचकांनीं ओळखलेंच असेल. नवें यंत्र आलें. आणतांना दुभिंगी चष्म्याचा विषय पुन्हां निघाला आणि पुन्हां मागें पडला. आमची गरज खरी होती असें आम्ही आतां म्हणत नाहीं. हौस होती, आणि हौसेला तिच्या नांवानें हांक मारली म्हणजे घरांतील मंडळी तिला क्षमा करतात असा आमचा अनुभव आहे. जुनें यंत्र पुतणी घेऊन गेली. तिचे डोळे तरुण आहेत, तिला तेवढा पडदा पुष्कळ होतो, आणि आजवर ती ज्या मोबाइलवर वाट पाहत असे त्याची बॅटरी आतां संध्याकाळच्या फोनासाठीं उरते.

नव्या पडद्याच्या एकेका पानावर दहा-दहा आंकडे मांडतां येतात. दुकानदारानें आपण होऊन सारे मांडून दिले होते. आम्हीं घरीं बसून एकेक काढीत गेलों. आतां नकाशा आहे, उरलेलें अंतर आहे आणि घड्याळ आहे. अक्षरें इतकीं मोठीं कीं चष्म्यावांचून वाचावींत. सरासरी काढून टाकली. ती पुन्हां मांडण्यास दोन मिनिटें लागत नाहींत हें आम्हांस ठाऊक आहे, आणि पुढच्या ब्रेव्हेच्या आदल्या रात्रीं आम्ही ती मांडणार नाहीं अशी हमी आम्ही देत नाहीं.

पिशवींत चेन जोडण्याचें हत्यार पूर्वींपासून होतेंच. त्याच्याजवळ आम्हीं साध्या काळ्या सायकलीच्या चेनला बसणारीं दोन लॉकें आणून ठेवलीं आहेत. आमच्या स्वतःच्या सायकलीला तीं लागत नाहींत. भोरच्या अलीकडच्या त्या वळणावरून त्यानंतर आम्ही चारदां गेलों. दोनदां दुपारच्याच वेळीं. दूधवाले पुष्कळ भेटले, त्यांतील कोणाचीहि चेन तुटलेली नव्हती.