लपाछपी आणि शौर्य

लपून केलेल्या वाराला शौर्य म्हणावे की नाही, हा वाद आपल्याकडे रामायणाइतका जुना आहे. झाडाआडून आलेला बाण छातीत रुतल्यावर वालीने रामाला हाच जाब विचारला. रामाने उत्तर दिले. तरी कीर्तनकार तो प्रश्न पुन्हा पुन्हा काढतात आणि श्रोते दर वेळी अस्वस्थ होतात.

हाच प्रश्न आता निराळ्या वाटेने घरात आला आहे. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे तयार झालेला 'व्हेल्व्हेट असॅसिन' हा संगणकावरचा खेळ २००९ साली निघाला. त्याची नायिका व्हायोलेट समर ही दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश हेर. रुग्णालयातल्या खाटेवर निपचित पडून ती आपल्या जुन्या कामगिऱ्या आठवते आहे, अशी कल्पना. खेळणाऱ्याने तिला अंधाराच्या कडेकडेने न्यायचे, पहारेकऱ्याच्या पाठीशी पोचायचे आणि आवाज न होऊ देता त्याला संपवायचे. मधूनच त्या सैनिकांची पत्रेही वाचायला मिळतात. म्हणजे शत्रूलाही घरदार आहे, याची आठवण खेळ देतो. उजेडात सापडलात तर मरण; परंतु ते क्षणाचे. थोडे मागून डाव पुन्हा सुरू.

ही नायिका ज्या बाईवरून सुचली, तिला दुसरा डाव मिळाला नाही. व्हायोलेट झाबो १९२१ साली जन्मली. वडील इंग्रज, आई फ्रेंच. नवरा ऑक्टोबर १९४२ मध्ये अल् अलामेनच्या लढाईत पडला. चार महिन्यांच्या तानियाचे तोंडही त्याने पाहिले नव्हते. पुढे व्हायोलेट ब्रिटनच्या गुप्त कारवायांच्या खात्यात गेली. एप्रिल १९४४ मध्ये शत्रूच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये जाऊन ती सुखरूप परतली आणि जूनमध्ये पुन्हा गेली. काही दिवसांतच ती पकडली गेली. पाय मुरगळला होता, आणि सोबत्याला निसटता यावे म्हणून ती मागे राहिली, असे सांगतात. १९४५ च्या आरंभी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत तिला गोळी घातली. वय तेवीस. तिचे 'जॉर्ज क्रॉस' हे पदक १९४७ साली राजाच्या हातून चार वर्षांच्या तानियाने घेतले.

याच खात्यातली नूर इनायत खान तर आपल्याला अधिक जवळची. तिचे वडील इनायत खान मूळचे बडोद्याचे. त्यांचे आजोबा मौलाबक्ष हे गायकवाडांच्या दरबारचे नामवंत गवई. सूफी विचारांच्या या घरात नूर अहिंसेचे संस्कार घेऊन वाढली. जातककथा मुलांसाठी सांगणारे तिचे पुस्तक १९३९ साली निघाले. त्यात माकडांच्या राजाची गोष्ट आहे: आपल्या अंगाचा पूल करून तो सगळ्या कळपाला पैलतीरी जाऊ देतो. जून १९४३ मध्ये ही लेखिका बिनतारी संदेश पाठवण्यासाठी पॅरिसला गेली. थोड्याच दिवसांत तिचे बहुतेक सोबती पकडले गेले. परत ये, असे लंडनने सुचविले. ती आली नाही. यंत्र घेऊन, घरे बदलीत ती ऑक्टोबरपर्यंत काम करीत राहिली. मग फितुरी, अटक, बेड्यांतला तुरुंगवास, आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत मृत्यू.

या दोघी लपल्या, खोटी नावे घेऊन वावरल्या. त्यांचे कार्य न्यायाचे होते, म्हणून खोटे हे खरे झाले काय? मला तसे वाटत नाही. अश्वत्थाम्याविषयीचे अर्धसत्य उच्चारताच धर्मराजाचा जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ खाली टेकला. युद्ध न्यायाचे होते, तरीही टेकला. न्यायाच्या कार्यातही असत्याची किंमत चुकत नाही. फक्त ती कोण भरतो, एवढेच पाहायचे असते. ती दुसऱ्याच्या माथी मारणारा तो कपटी. आणि स्वतः भरायला उभा राहतो, त्याच्या लपण्यालाही आपण हात जोडतो.

लपणे ही विद्या आहे, आणि ती खेळातून शिकता येते. परंतु या दोघींचे मोठेपण लपण्यात नव्हतेच. निसटण्याची वाट मोकळी असताना दुसऱ्यासाठी थांबण्यात ते होते. जिथे मरण परत घेता येते, तिथे अशा थांबण्याला अर्थ उरत नाही.

म्हणून खेळ फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. दिवाळीत आपली मुलेही मातीच्या किल्ल्यावर मावळे मांडतातच. पण किल्ला कोणता, तिथे कोण पडले, हे आपण त्यांना विचारतो आणि सांगतो. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा असा खेळ खेळताना दिसला, तर रागावण्याआधी शेजारी बसावे आणि त्या पडद्यावरच्या बाईचे खरे नाव त्याला ठाऊक आहे का, एवढे विचारावे. चार वर्षांच्या तानियाची गोष्टही सांगावी. मग त्याने खेळ पुढे चालू ठेवला तरी हरकत नाही.