दवबिंदू कुणी शिंपडले?



पावसाळा सुरू झाला की आपल्या चर्चच्या आवारात, कुंपणाच्या कडेला एकदांडीची फुले उगवतात. मिस्सा संपवून आपण त्यांच्यावरूनच चालत जातो. मीही कित्येक वर्षे तसाच गेलो. निवृत्त झाल्यावर मुलाने कॅमेरा आणून दिला, तेव्हा सरावासाठी हेच फूल हाताशी होते.

सांगलीत आम्ही पाच-सहा समवयस्क दर महिन्याला एकाच्या घरी जमतो आणि एकमेकांची छायाचित्रे पाहतो. माझी एकदांडी मी मोठ्या हौसेने पुढे ठेवली. आपला तो बाब्या! पण एक जण म्हणाला, "उभ्याने काढलाय. फूल बिचारे खाली मान घालून बसल्यासारखे दिसते." दुसरा म्हणाला, "पांढऱ्या पाकळ्या जळाल्यात, प्रकाश कमी घे." आमच्यात चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक आहेत. ते म्हणाले, "मधला भाग नुसता पिवळा ठिपका दिसतो. तिथे काय आहे ते जवळ जाऊन बघितलेत का?"

खरे सांगतो, मनाला लागले. पण दुसऱ्या दिवशी मी आवारात गुडघे टेकले, मग कोपरे टेकली. तेव्हा कळले की तो ठिपका नाहीच. ती इवल्या इवल्या फुलांची दाटी आहे. ज्याला आपण एक फूल म्हणतो, तो फुलांचा गुच्छ आहे. इतक्या वर्षांत जे मला दिसले नव्हते, ते एका टीकेने दाखवले. चूक दाखवणारा माणूस आपली नजर वाढवतो, हा धडा मी तिथे शिकलो. निदान शिकलो असे मला वाटले.

पुढच्या सप्टेंबरात आम्ही कासला गेलो. साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर हे पठार आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कास आहे. सपुष्प वनस्पतींच्या ८५०च्या आसपास जातींची इथे नोंद आहे. आणि हे सारे जांभ्या खडकावर, मातीच्या पातळ थरावर! पावसाच्या चार महिन्यांत उगवायचे, फुलायचे, बी धरायचे आणि सुकून जायचे. मातीत नत्र इतके कमी की काही वनस्पती किडे पकडून भूक भागवतात. 'सीतेची आसवे' या नखाएवढ्या निळ्या-जांभळ्या फुलाच्या रोपाला खरी मुळे नसतात. ओल्या मातीत त्याच्या बारीक पिशव्या असतात आणि सूक्ष्म जीव त्यांत ओढले जातात. 'दवबिंदू' नावाच्या रोपाच्या पानांवर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चकाकणारा थेंब असतो. ते दव नव्हे, चिकट द्रव असतो. कीटक त्यावर बसतो आणि अडकतो.

मला सीतेच्या आसवांचे छायाचित्र हवे होते. आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते आणि दव केव्हाच वाळले होते. पायवाटेच्या कडेलाच एक सुरेख फूल होते. मी आडवा झालो, कोपर वाटेबाहेर टेकवले. समोर येणाऱ्या दोन-तीन काड्या उपटून टाकल्या. मग पाण्याची बाटली काढली आणि बोटांनी फुलावर थेंब शिंपडले. थेंब मोत्यांसारखे चमकले.

त्या महिन्यात माझ्या छायाचित्राचे फार कौतुक झाले. पाकळ्या जळाल्या नव्हत्या, मागचे सारे मऊ धूसर होते, दवाचे थेंब तर अप्रतिम! आधीच्या सगळ्या सूचना मी तंतोतंत पाळल्या होत्या. चित्रकलेचे सर मात्र गप्प होते. निघताना त्यांनी मला जिन्यात थांबवले आणि हळूच विचारले, "फुलाची सावली त्याच्या पायाशी पडली आहे. म्हणजे दुपार. मग दव कुठून आले? आणि कोपऱ्यातला देठ कशाने मोडला?"

मी काहीतरी सारवासारव केली. घरी येऊन छायाचित्र मोठे करून पाहिले. कोपऱ्यात खरोखरच एक रोप चिरडले होते, कळ्यांसकट. ते माझ्या कोपराखाली गेले होते. बी धरण्याआधीच चिरडलेले रोप पुढच्या पावसाळ्यासाठी काहीच ठेवून जात नाही.

तुम्ही म्हणाल, दोन थेंब पाण्याने काय बिघडले? फुलाचे कदाचित काहीच नाही. पण पाहणाऱ्यांना वाटले की त्यांनी कासची एक पहाट पाहिली, आणि ती पहाट झालीच नव्हती. दवबिंदूचे रोपही खोट्या दवाने भुलवते, पण त्याला पोट भरायचे असते. मला शाबासकी हवी होती.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. टीका ऐकून मी सुधारलो, की फक्त माझे छायाचित्र सुधारले? 'कसे दिसते' हे सांगणारी टीका आपण थोडे कुरकुरून का होईना, स्वीकारतो; कारण तिने आपलेच काम उजळते. 'कसे केले' हे विचारणारी टीका मात्र झोंबते. मुलाला गुण किती मिळाले हे आपण विचारतो. कसे मिळाले हे विचारत नाही. सणाची सजावट सुंदर झाली म्हणतो. त्यासाठी कोण रात्रभर राबले आणि कोणाला आपण टाकून बोललो, हे कोणी विचारलेले आपल्याला नको असते. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दाखवणारे पुष्कळ भेटतात. आपल्या डोळ्यातले मुसळ हलक्या हाताने दाखवणारा एखादाच असतो. भाऊ चुकला तर आधी त्याला एकांतात गाठून सांगा, असे प्रभू येशूने शिकवले. सरांनी मला जिन्यात गाठले, चारचौघांत नाही. म्हणूनच मला ते पचवता आले.

पुढच्या बैठकीत मी सर्वांना खरे काय ते सांगितले. कोणी हसले, कोणी म्हणाले, "अहो, सगळेच करतात." ते छायाचित्र मी बाजूला ठेवले आणि पुन्हा आवारातल्या एकदांडीकडे वळलो. या वेळी फुलापुढे गवताची एक काडी आडवी आली होती. ती मी तशीच राहू दिली. मित्रांनी ती चूक म्हणून दाखवली, आणि छायाचित्र म्हणून पाहिले तर ते बरोबरच होते. सर मात्र हसले.

या आठवड्यात आपले एखादे काम आपण विश्वासाच्या माणसापुढे ठेवू या. ते कसे दिसते हे त्याला विचारू या, आणि कसे केले हे त्याने विचारले, तर रागावू नये.