कूटसूचकाचा न्याय

‘उलवे’ हे नाव घेऊ. उरण आणि पनवेल यांच्या दरम्यानची ही वस्ती आज नवी मुंबईचे उपनगर झाली असून 2025 साली उद्घाटन झालेला विमानतळ तिच्या शेजारी आहे. गूढ शब्दकोड्यासाठी सूचके रचण्याच्या एखाद्या हौशी स्पर्धेत हाच शब्द दिला आहे, असे समजू. एक प्रवेशिका अशी : ‘उरणच्या आरंभी लवे, ते विमानतळाशेजारचे ठिकाण (3)’. उरणचे आद्याक्षर ‘उ’, त्यापुढे ‘लवे’, आणि अखेरीस शब्दाचा अर्थ. दुसरी प्रवेशिका : ‘उरण लवे, विमान चढे (3)’. कानाला दुसरी निःसंशय अधिक रमणीय वाटते. परंतु उरणचे केवळ आद्याक्षर घ्यावे अशी आज्ञा तिच्यात नाही, आणि स्थानाचा निर्देशही नाही. परीक्षकाने कोणती निवडावी?

येथील अडचण अभिरुचीची नसून नैतिक आहे. परीक्षकाला उत्तर आधीच ठाऊक असते. त्यामुळे सूचकातील उणीव तो नकळत स्वतःच भरून काढतो. ज्याच्यासाठी सूचक रचले जाते तो अनभिज्ञ वाचक निवाड्याच्या वेळी अनुपस्थित असतो. त्याची बाजू परीक्षकाने मांडावयाची आहे. पहिल्या सूचकातील ‘लवे’ हे क्रियापद वाचकाला चकवते, पण खोटे बोलत नाही. चकवा आणि असत्य यांतील ही सीमारेषा जुनीच आहे : ‘काव्यादर्शा’त दंडीने सोळा प्रहेलिका सांगितल्या, आणि पूर्वाचार्यांनी मानलेल्या चौदा दुष्ट प्रहेलिका, दोष अगणित म्हणून, बाजूला ठेवल्या.

बक्षिसाच्या शब्दकोड्यांविषयी 1957 साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल (मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला) या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे उत्तर आधीच मोहोरबंद असे. स्पर्धकाचा शब्द कितीही समर्पक असो, बंद पाकिटातील शब्दाशी तो जुळला नाही तर व्यर्थ. न्यायालयाने यास कौशल्य न मानता जुगार मानले. कारणे न देणारा परीक्षक नेमके हेच करतो. त्याची अभिरुची हेच ते बंद पाकीट. याउलट ‘ऑब्झर्व्हर’मध्ये ‘झिमेनिस’ या टोपणनावाने कोडी रचणारे डी. एस. मॅकनट निकालाबरोबर आपली टीकाटिप्पणी छापील पत्रकांतून स्पर्धकांना कळवीत. तेथे निर्णय वादविषय होऊ शकत होता, म्हणूनच तो निर्णय होता.

अर्थात नियम आयते उचलता येत नाहीत. इंग्रजी कोडे सुटी अक्षरमुळे हलविते; मराठीत ‘वे’ हे एक अक्षर की दोन वर्ण, जोडाक्षर फोडावे की नाही, हे संकेताने ठरवावे लागते. तो संकेत स्पर्धेपूर्वी जाहीर झाला पाहिजे. निकालानंतर सांगितलेला नियम ही सबब ठरते.

अशा कठोरतेने नवनिर्मिती गुदमरेल, हा आक्षेप निराधार नाही. दुसऱ्या प्रवेशिकेत कदाचित उद्याच्या संकेताचे बीज असेल. परीक्षकाने तसे लिहावे, पुढील स्पर्धेत तो संकेत मान्य करावा. परंतु आज जुन्या संकेताने लिहिणाऱ्यांचे पारितोषिक तिला देऊ नये. न्याय्य सूचकांतून सुंदर कोणते, हे मात्र अभिरुचीनेच ठरेल. समीक्षकाची अवस्था याहून फारशी वेगळी नाही. कृतीचा अर्थ हाती असल्याच्या खात्रीने तो वाचतो, तेव्हा कृतीने न दिलेले तिच्या खाती जमा करण्याचा मोह त्यालाही होतो.