शुगरच्या रकान्यात काय लिहायचं?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवणारा एक भाचा, आणि विमा कंपनीतून निवृत्त झालेले त्याचे मामा. माणसं कल्पनेतली आहेत, पेच मात्र घरोघरचा आहे. भाच्याचं वय 42. मागांवर बँकेचं कर्ज, दोन मुलं शाळेत, आणि आठ वर्षांपासून मधुमेह. त्याला एक कोटीचा टर्म विमा हवा आहे. एजंटने सांगितलंय, शुगरच्या रकान्यात ‘नाही’ लिहा.

भाचा: गोळ्यांमुळे माझी तीन महिन्यांची साखर आटोक्यात येते, मामा. तपासणीत काही दिसणार नाही. आणि तीन वर्षं काढली की कंपनीला काही करता येत नाही, असा कायदाच आहे म्हणे.

मामा: आहे. 1938 च्या विमा कायद्याचं कलम 45. पूर्वी फसवणूक सिद्ध केली तर कंपनी कितीही वर्षांनी पैसे नाकारू शकायची. 2015 च्या दुरुस्तीपासून तीन वर्षांनंतर ते दारही बंद झालं.

भाचा: म्हणजे कायद्यालाच खोटं चालतं की!

मामा: ही मुदत कोणासाठी घातली ते बघ. माणूस गेल्यावर पंधरा वर्षांनी त्याच्या बायकोला कोणी विचारू नये, की अर्ज भरला तेव्हा नवऱ्याची तब्येत कशी होती. चौकशी करायची तर कंपनीने वेळेत करावी. खोटं बोलणाऱ्याच्या सोयीसाठी ती घातलेली नाही. शिवाय तीन वर्षं मोजायची कुठून? पॉलिसी बंद पडून पुन्हा चालू केली, तर त्या तारखेपासून नव्याने. सुताचा भाव चढला आणि हप्ता राहिला, असं तुझ्या धंद्यात होत नाही का?

भाचा: होतं. पण मला आधी दुसरंच विचारायचंय. खरं लिहिलं तर जादा हप्ता लावतील, नाहीतर नाकारतील. वडिलांना शुगर होती, ती मला आली. यात माझा गुन्हा काय? ज्याला विम्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो महाग.

मामा: ज्याची जोखीम जास्त त्याने जास्त भरायचं. नाहीतर तुझा भार निरोगी माणसांच्या हप्त्यावर पडतो.

भाचा: हा हिशेब कंपन्यांनी पूर्वीही मांडला होता. इंग्रज कंपन्या हिंदी माणसाचा विमा सहसा उतरवतच नसत, आणि उतरवलाच तर जादा हप्ता घेत. 1870 साली मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिने हिंदी माणसाला नेहमीच्या दरात विमा दिला. तोवर हिंदी असणं हीच जोखीम होती ना?

इथे मला भाच्याची बाजू पटते. कोणाची जोखीम मोजायची आणि कोणाची सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायची, हे नुसत्या गणिताने ठरत नाही. ते समाजाला ठरवावं लागतं. मामाही क्षणभर गप्प झाले.

मामा: खरंय. म्हणूनच सरकारची जीवन ज्योती योजना आहे. 18 ते 50 वयाच्या माणसाला बँक खात्यातून मिळते, वर्षाला 436 रुपये, वैद्यकीय तपासणी नाही.

भाचा: आणि रक्कम 2 लाख. माझ्या एका मागाचं कर्जसुद्धा फिटणार नाही.

मामा: नाही फिटणार. तरी घेऊन ठेव. पण आता तुझ्या ‘नाही’कडे येऊ. समज, दुसऱ्या वर्षी तुला हार्ट अटॅक आला. सिव्हिलमध्ये नेलं. डॉक्टर तुझ्या बायकोला पहिलं काय विचारतील?

भाचा: शुगर, बीपी आहे का.

मामा: ती काय सांगेल?

भाचा: आहे म्हणेल. दुसरं काय सांगणार?

मामा: ते केसपेपरवर लिहिलं जाईल, आठ वर्षांपासून मधुमेह. तू वाचला नाहीस, तर कंपनी तोच केसपेपर मागवणार. तुझा जीव वाचावा म्हणून ती जे खरं बोलली, तेच तिच्याविरुद्ध पुरावा होणार. नाहीतर त्या घटकेला तिने डॉक्टरशीही खोटं बोलायला हवं. तू तिला हे विचारलंयस?

भाचा: नाही.

मामा: त्याच कलमात आणखी एक ओळ आहे. कंपनीने फसवणुकीचा ठपका ठेवला आणि विमाधारक हयात नसेल, तर फसवणूक नव्हती हे दाखवायची जबाबदारी वारसावर. ‘नाही’ तू लिहिणार आणि जाब ती देणार.

भाचा: पण सुप्रीम कोर्टाने 2015 साली एका मराठी कुटुंबाला पैसे द्यायला लावलेच ना? आजार लपवलेला होता तरी?

मामा: लपवलेलं दुखणं पाठीचं होतं आणि मृत्यू हृदयविकाराने झाला. दोन्हींचा संबंध नाही, असं कोर्टाने पाहिलं. मधुमेहाचा आणि हृदयाचा संबंध नाही असं कुठला डॉक्टर म्हणेल? शिवाय त्या घरच्यांना दिल्लीपर्यंत लढावं लागलं. 2020 चा निकाल उलटा आहे. मुलाने आजार लपवला होता, पॉलिसी घेतल्यावर महिन्याभरात तो गेला. कोर्टाने कंपनीचंच म्हणणं मान्य केलं. पैसे आधीच दिलेले होते, आणि त्याच्यावर अवलंबून असलेली आई सत्तरीची होती, म्हणून तेवढे परत घेऊ नका म्हणाले.

भाचा: म्हणजे आई वाचली ती दयेवर.

मामा: हो. तुझ्या घरच्यांना हक्काने मिळावं असं तुला वाटतं ना?

भाचा: ‘होय’ लिहितो मग. एक कोटी परवडले नाहीत तर साठ लाखांचा घेईन. पण जादा हप्त्याबद्दलचं माझं मत तेच आहे.

मामा: ते सोडू नकोस. दोन-तीन कंपन्यांकडे विचार; मधुमेहाकडे सगळ्या एकाच मापाने बघत नाहीत. आणि एखाद्या कंपनीने नाकारलं, तर पुढच्या अर्जात तेही लिही.

वाचकांना एवढीच विनंती. प्रस्तावाचा अर्ज कोरा सही करून एजंटकडे देऊ नका. आजारांचे रकाने स्वतः भरा, कुठली गोळी किती वर्षांपासून घेता ते लिहा, भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्या आणि ज्याचं नाव वारस म्हणून लावलंय त्या माणसाला ती वाचायला द्या.