देवदूतांचे रक्षण आणि रात्रीची वाट

ख्रिस्ती श्रद्धेत देवदूत हे देवाने निर्माण केलेले अशरीरी, बुद्धिमान सेवक मानले जातात. ते देव नाहीत, देवाचे अंश नाहीत आणि मृत माणसांचे आत्मेही नाहीत. देवाची स्तुती करणे, त्याचा निरोप पोहोचवणे आणि त्याने सोपवलेल्या माणसांची राखण करणे ही त्यांची कामे. यांतल्या तिसऱ्या कामावर सामान्य भाविकाचा जीव सर्वांत अधिक जडलेला आहे. रात्री अंथरुणाला पाठ टेकताना, मूल परगावी निघताना, आजारी माणसाच्या उशाशी बसताना ख्रिस्ती घरांत जी प्रार्थना होते, तिच्यात ही राखण मागितली जाते. मात्र हा विश्वास माणसाला कशाची हमी देतो आणि कशाची देत नाही, हे नीट समजले नाही तर पहिल्याच मोठ्या आघाताने तो कोसळतो.

बायबलमधील देवदूत बहुतेकदा माणूस एकटा आणि हतबल असतानाच येतात. उत्पत्तीच्या पुस्तकात घराबाहेर काढलेली दासी हागार रानात भटकते, मसकेतले पाणी संपते आणि मुलाचे मरण पाहवत नाही म्हणून ती त्याला झुडपाखाली ठेवून दूर जाऊन बसते. तेथे देवाचा दूत तिला हाक मारतो आणि तिला विहीर दिसते. जिवाला कंटाळून मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला दूत उठवतो आणि पुढच्या लांब वाटेसाठी भाकर खायला लावतो. निर्गमच्या पुस्तकात रानातून चाललेल्या लोकांपुढे वाट राखण्यासाठी दूत पाठवण्याचे वचन आहे. ही सगळी परंपरा एक्याण्णवाव्या स्तोत्रात एकवटली आहे. देवाच्या आश्रयाला राहणाऱ्याने रात्रीच्या भयाला, मरीला किंवा सिंह-सर्पांना घाबरू नये, कारण त्याला सर्व मार्गांत सांभाळण्याची आज्ञा देवाने आपल्या दूतांना केली आहे, असा त्या स्तोत्राचा भाव आहे.

मराठी वाचकाला या कल्पनेची ओळख चारशे वर्षांपासून आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्यात देवदूतांची कथा मराठी ओवीत आली. पुढे १८११ मध्ये सेरामपूरहून विल्यम केरी यांनी मराठी नवा करार प्रसिद्ध केला. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे संपूर्ण बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये झालेले ते काम त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले.

देवदूतांचे रक्षण सर्व ख्रिस्ती पंथांना मान्य असले तरी त्याची मांडणी एकसारखी नाही. कॅथलिक शिकवणीनुसार प्रत्येक माणसाला स्वतःचा संरक्षक देवदूत असतो. २ ऑक्टोबर हा संरक्षक देवदूतांचा सण असून १६७० मध्ये पोप दहावे क्लेमेंट यांनी तो सार्वत्रिक केला. २९ सप्टेंबरला मीखाएल, गब्रीएल आणि राफाएल या तीन प्रमुख दूतांचा सण येतो. यांतील राफाएलची कथा तोबीतच्या पुस्तकात आहे. ते पुस्तक प्रोटेस्टंट बायबलमध्ये नसल्याने तरुण तोबियाला दूरच्या प्रवासात सोबत करणारा हा दूत प्रोटेस्टंट घरांत फारसा परिचित नाही. मार्टिन ल्यूथर यांनी १५२९ च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत दिलेल्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनांत पवित्र दूताची सोबत मागितली आहे. जॉन कॅल्विन यांनी मात्र प्रत्येकाला एकेक दूत नेमलेला आहे असे ठामपणे म्हणण्याचे टाळले. त्यांच्या मते सर्व दूत मिळून विश्वासणाऱ्यांची काळजी वाहतात आणि तेवढी खात्री माणसाला पुरेशी आहे. एका बाबतीत मात्र सगळ्यांचे एकमत आहे. देवदूतांची उपासना करायची नाही. प्रकटीकरणाच्या पुस्तकात योहान दूताच्या पाया पडू लागतो, तेव्हा दूतच त्याला अडवतो आणि आपणही तुझ्यासारखाच सेवक आहोत असे सांगून देवाला नमन करायला लावतो. भरवसा देवावर असतो, दूत त्या भरवशाचे वाहक असतात.

हा विचार पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत नेऊन पाहिला की त्याची खरी कसोटी लागते. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने जुन्नरला केंद्र उघडले होते. आजही या भागात ख्रिस्ती कुटुंबे थोडीच आहेत, पण ज्या भयातून रक्षणाची प्रार्थना जन्मते ते भय येथे सर्वांचे आहे. कुकडी प्रकल्पाच्या माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी येथे पाणी आणले. पाण्यामागून ऊस आला आणि उसाच्या दाट फडांत बिबट्या वस्तीला आला. मादी उसातच विणते आणि तोडणी सुरू झाली की बछडे उघड्यावर येतात. कुत्री, शेळ्या, वासरे बिबट्याला सहज मिळतात. शेतीपंपांची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते, म्हणून शेतकऱ्याला अंधारात बांधावरून जाऊन दारे धरावी लागतात. स्तोत्रकर्त्याने लिहिलेले रात्रीचे भय येथे रोजच्या कामाचा भाग आहे.

या भयाला येथील माणसांनी श्रद्धेने उत्तर दिलेले आहेच. सह्याद्रीच्या कुशीतला महादेव कोळी समाज दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतो, वाघोबाला नैवेद्य दाखवतो आणि गुराढोरांची राखण मागतो. वाघाशी नाते जोडून त्याच्याबरोबर राहण्याची ही जुनी आणि आदरणीय रीत आहे. ख्रिस्ती विचाराची दिशा वेगळी आहे. त्यात दूताला नैवेद्य नाही आणि वाघालाही नाही. रक्षण हे देवाचे दान असून त्याच्या मोबदल्यात काही द्यायचे नसते. पण दोन्ही श्रद्धांना एक गोष्ट ठाऊक आहे, ती म्हणजे धोका नाहीसा होणार नाही, त्याच्या शेजारीच जगायचे आहे.

दानीएलच्या कथेचा अर्थ येथे नव्याने उलगडतो. देवाची प्रार्थना सोडली नाही म्हणून दानीएलला सिंहांच्या गुहेत टाकले जाते आणि देव दूत पाठवून सिंहांची तोंडे बंद करतो. सिंह मारले जात नाहीत आणि गुहेतून हाकललेही जात नाहीत. त्यांची भूक व ताकद तशीच असते, हे कथेच्या शेवटी दानीएलच्या शत्रूंवर ओढवलेल्या प्रसंगावरून कळते. दानीएलची रात्र सिंहांच्या मधोमध सरते. बायबलमधले रक्षण बहुतेकदा असेच धोक्याच्या सान्निध्यात होते. जुन्नर परिसरातील अनुभवही याला पूरक आहे. या शतकाच्या आरंभी येथे बिबट्यांचे हल्ले वाढले तेव्हा बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दिसले की अशा स्थलांतराने हल्ले कमी होण्याऐवजी वाढण्याचा धोका असतो. पुढे लोकजागृती, माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र आणि सापडलेले बछडे पुन्हा मादीकडे पोहोचवण्याचे प्रयत्न यांवर भर आला.

मग ज्याचा देवदूतांवर विश्वास आहे त्याने रात्री बॅटरी न घेता उसात जावे का? या प्रश्नाचे उत्तर शुभवर्तमानातच आहे. मत्तय आणि लूक सांगतात की सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावर नेले आणि खाली उडी टाकायला सांगितले. त्यासाठी त्याने एक्याण्णवाव्या स्तोत्राचाच आधार दिला की दूत तुला हातांवर झेलतील. येशूने बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकातील वचन पुढे करून नकार दिला. देवाची परीक्षा पाहायची नसते, हा त्याचा अर्थ. बाराव्या शतकातील क्लेअरव्होचे संत बर्नार्ड यांनी या स्तोत्रावर दिलेल्या प्रवचनांत एक मार्मिक मुद्दा मांडला. स्तोत्रातले वचन माणसाच्या मार्गांवरच्या रक्षणाचे आहे आणि शिखरावरून उडी हा काही मार्ग नव्हे, तो नाश आहे. कर्तव्याच्या वाटेवर चालणाऱ्याला सोबत मिळेल असे ते वचन सांगते, वाट सोडून धाडस करणाऱ्याला ते लागू नाही. पिकाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी आपल्या मार्गावर असतो. त्याने हातात उजेड घ्यावा, सोबतीला माणूस घ्यावा, मोठ्याने बोलत जावे, गोठा बंदिस्त ठेवावा आणि मुलांना अंधारात एकटे सोडू नये. यांतल्या कशानेही विश्वास उणा होत नाही. उलट देवाने दिलेली बुद्धी वापरणे आणि शेजाऱ्याची सोबत घेणे हा त्या विश्वासाचाच भाग आहे.

तरीही सर्वांत अवघड प्रश्न उरतो. सावध असूनही, निष्पाप असूनही माणसे मरतात. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर मुसळधार पावसात डोंगर कोसळला. १५१ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच ढिगाऱ्यातून काही महिन्यांचे एक बाळ आणि त्याची आई जिवंत निघाली. अशा वेळी वाचलेल्याला देवदूताने वाचवले असे म्हणणे सोपे असते, पण त्या वाक्याचा दुसरा अर्थ शेजारच्या घरातील मृतांच्या नातेवाइकांना काय सांगतो, याचा विचार व्हायला हवा. वाचणे हे पुण्याचे आणि मरणे हे अश्रद्धेचे प्रमाणपत्र आहे, असे बायबल कोठेही म्हणत नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती ही समजूत येशूने स्पष्टपणे खोडून काढली.

प्रेषितांच्या कृत्यांतील बाराव्या अध्यायात हीच अडचण उघडपणे मांडलेली आहे. हेरोद राजा प्रेषित याकोबाचा तलवारीने वध करतो आणि पेत्राला तुरुंगात टाकतो. रात्री दूत येतो, बेड्या गळून पडतात, दरवाजे उघडतात आणि पेत्र सुटतो. याकोबासाठी दूत आला नाही. याकोबाचा विश्वास कमी होता असे लेखक सुचवत नाही, फरकाचे कारणही देत नाही. खुद्द येशूच्या बाबतीतही असेच घडले. दूतांच्या बारा सैन्यदलांहून अधिक मदत मागता आली असती, असे तो अटकेच्या वेळी म्हणाला. ती त्याने मागितली नाही. लूकच्या वृत्तान्तानुसार गेथशेमाने बागेत एक दूत आला, पण त्याने दुःखाचा प्याला दूर केला नाही, तो पिण्याचे बळ दिले. ख्रिस्ती श्रद्धेतील रक्षणाचा गाभा येथे आहे. दूत कधी संकटातून बाहेर काढतात आणि कधी संकटात उभे राहण्याचे बळ देतात. यांपैकी काय होईल हे माणसाला आधी ठरवता येत नाही. ज्याची हमी आहे ती एवढीच, की कोणतीही आपत्ती, मरणसुद्धा, माणसाला देवाच्या प्रेमापासून तोडू शकत नाही. म्हणून शोकाच्या घरी या श्रद्धेने स्पष्टीकरणे देऊ नयेत. तेथे जवळ बसणे आणि रडणाऱ्याबरोबर रडणे हेच तिचे काम आहे.

रक्षणाचे हे वचन रक्षण मिळणाऱ्यावर जबाबदारीही टाकते. मत्तयच्या अठराव्या अध्यायात येशू लहानांना तुच्छ लेखू नका असे बजावतो आणि कारण देतो की त्यांचे दूत स्वर्गात सदैव पित्याचे मुख पाहत असतात. ज्या मुलाची काळजी स्वर्गात घेतली जाते त्याची पृथ्वीवर हेळसांड करण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही. ऊसतोडीच्या हंगामात मजुरांची कुटुंबे मोकळ्या शेतात कोप्या घालून राहतात. दाराविना, उजेडाविना झोपणारी त्यांची मुले बिबट्याच्या हल्ल्याला सर्वांत आधी बळी पडू शकतात. त्यांच्यासाठी देवदूतांची प्रार्थना करणाऱ्याने कोपीला आडोसा, दिवा आणि शौचालय मिळावे म्हणूनही झटले पाहिजे, नाहीतर ती प्रार्थना अपुरी राहते. रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुली-स्त्रियांना शोधून आश्रय दिला. देव पुरवील हा त्यांचा विश्वास अढळ होता आणि त्याच विश्वासाने त्यांनी केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला. माळीणला गावच जागेवर नाही हे पाहून पहिली खबर बाहेर पोहोचवणारा एस.टी. चालक, दिवसरात्र माती उपसणारे जवान, बिबट्याची वर्दी मिळताच रात्री-अपरात्री धावणारे वनकर्मचारी ही सगळी माणसेच आहेत. देव आपली राखण अशा हातांनीही करतो, असे ख्रिस्ती विचार मानतो.

देवदूतांवरील विश्वासाला अशा तीन मर्यादा आहेत आणि त्याच मर्यादांमुळे तो भक्कम होतो. तो दूतांची उपासना करत नाही, देवाची परीक्षा पाहत नाही आणि दुसऱ्याच्या दुःखावर निवाडा देत नाही. या मर्यादांत राहून जो आपली आणि आपल्या माणसांची रात्र देवाच्या हाती सोपवतो, त्याचे भय पूर्णपणे जाईलच असे नाही. पण भयाने त्याचे काम थांबत नाही आणि शेजाऱ्याची काळजी घेणेही सुटत नाही. हा विश्वास माणसाकडून एवढीच अपेक्षा करतो, आणि एवढे झाले तरी तो सार्थ ठरतो.