बसणें आणि जुळणें

गेल्या पावसाळ्याच्या तोंडीं माझ्या एका स्नेह्यांनीं मला एक प्रश्न विचारला. दिसण्यांत तो अगदीं क्षुद्र होता. परंतु त्याचें उत्तर शोधूं लागतांच यंत्राची वाट सोडून मी नीतीच्या वाटेला केव्हां लागलों हें माझें मलाच कळलें नाहीं. या गृहस्थांच्या घरीं त्यांच्या वडिलांनीं वापरलेली एक जुनी विलिस जीप आहे. टायरांच्या कडांना भेगा पडल्या होत्या, डिस्का गंजल्या होत्या, आणि दोन्ही बदलणें प्राप्त होतें. दुकानदारानें उंच, रुंद, दिसायला रुबाबदार अशीं चाकें पुढें केलीं व "साहेब, बसतात" अशी ग्वाही दिली. चिरंजीव त्या चाकांवर लुब्ध झाले. स्नेही मला म्हणाले, "चाकें बसतात, मुलाला आवडतात, गाडी माझी, पैसे माझे; मग माझें मन कां घेत नाहीं, तें तुम्हीच सांगा."

वास्तविक ही गाडी अदलाबदलीच्या तत्त्वावरच जन्मास आली. १९४१ पासून १९४५ पर्यंत अमेरिकेंत विलिस व फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून सहा लक्षांहून अधिक जीपगाड्या बांधल्या, आणि रणांगणावर एकीचा भाग दुसरीस चालावा म्हणून दोघांनीं सुट्या भागांचीं मापें एकच ठेवलीं. फोर्डनें आपल्या बोल्टांवर स्वतःच्या नांवाचें आद्याक्षर उमटविलें. पण मापांत मात्र अहंकार येऊं दिला नाहीं. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीनें आपल्या देशांत या जातीच्या गाड्या जुळविण्यास आरंभ केला, आणि ‘जीप’ हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांतही घरचाच होऊन बसला.

या जीपच्या टायरचें मूळ माप ६.००-१६. म्हणजे टायरची रुंदी ६ इंच, डिस्केचा व्यास १६ इंच, आणि सबंध चाकाची उंची सुमारें सवाअठ्ठावीस इंच. चाक हबावर पांच बोल्टांनीं धरलेलें असतें. त्या पांचांच्या मध्यांतून वर्तुळ काढलें तर त्याचा व्यास साडेपांच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर, भरतो. पुढें जीपचें नांव चालू राहिलें, परंतु १९८७ च्या रँग्लर गाडींत हें वर्तुळ साडेचार इंचांवर आलें आणि २००७ च्या पिढींत पांच इंचांचें झालें. कूळ एक, नांव एक; तरी नातवाचें चाक आजोबांस बसत नाहीं. वर्तुळांत थोडाच फरक असला तर एखादा मिस्त्री भोकें वाढवून चाक बसवूनही देतो. नट आवळला जातो. पण त्याच्या उतरत्या कडेस टेकावयास नीट जागा राहत नाहीं, आणि धक्के खातां खातां तो सैल होऊं लागतो. बळानें बसविलेल्या वस्तूची सर्वत्र हीच गति होते.

परंतु माझ्या स्नेह्यांचा प्रश्न याहून सूक्ष्म होता. त्यांना दाखविलेलें चाक बळानें नव्हे, सहज बसत होतें. त्या टायरवर २३५/८५ आर १६ असे आंकडे होते. रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा ८५, आणि डिस्क १६ इंची. हिशेब केला तर उंची जवळजवळ पावणेबत्तीस इंच येते. म्हणजे मूळच्या चाकाहून सुमारें शेंकडा १२ अधिक. आतां याचा परिणाम पहा. कांटा ताशीं ६० दाखवीत असतां गाडी प्रत्यक्षांत ६७ नें धांवणार. ब्रेकवर पाय तितक्याच जोरानें दिला तरी रस्त्यावर पडणारी पकड सुमारें एकदशांशानें उणी होणार. रुंद डिस्केमुळें चाक बाहेर सरकलें तर त्याचा ताण आंतील बेअरिंगवर व पुढच्या चाकांच्या वळत्या सांध्यांवर येणार. शिवाय या गाडीची चारही चाकें एकदम जोडलीं असतां पुढच्या व मागच्या आंसांमध्यें फरक सोसून घेणारी योजना नसते. म्हणून एखादें चाक अगर स्टेपनी लहानमोठी असेल, तर डांबरी रस्त्यावर तो फरक दांत्यांनाच सोसावा लागतो.

माझ्या मतें स्नेह्यांच्या अस्वस्थपणाचें मूळ येथें आहे. सौदा झाला दुकानदाराशीं, हौस भागली मुलाची. पण जास्तीचा भार पडला तो ब्रेक, बेअरिंग व दांते यांवर, आणि या व्यवहारांत त्यांना कोणी विचारलें नव्हतें. तीं जड वस्तु आहेत, तेव्हां त्यांस विचारावयाचें तें काय, असें कोणी म्हणेल. ठीक आहे, पण ब्रेक कमी पडला तर घाटांत समोरून येणारा एस. टी. चा चालक, मागच्या बाकावरची आजी, रस्त्याच्या कडेनें मोळी घेऊन जाणारी बाई, हीं तर जड नव्हेत! "गाडी माझी" हें म्हणणें गाडीपुरतें खरें आहे. धोका मात्र कधींच एकट्या मालकाचा नसतो.

आपल्या घरांतही हेंच चालतें. नवी रीत आणली, नवा पाहुणचार ठरविला, कीं ती रीत घराला ‘बसली’ असें आपण आनंदानें म्हणतों. ती बसावी म्हणून पहांटे तासभर आधीं कोण उठूं लागलें, हें विचारावयाचें मात्र राहून जातें. कुरकुर ऐकूं येत नाहीं यावरून भार पेलला जात आहे असें अनुमान काढणें सोयीचें असतें. तें न्याय्य असतेंच असें नाहीं.

मग बदल करूंच नये काय? जुन्या गाड्यांचे कांहीं भक्त असें मानतात कीं टायर सेनेच्या वेळच्याच ठोकळेदार नक्षीचा हवा आणि डिस्कही त्या वेळचीच, दोन तुकडे बोल्टांनीं जोडलेली, हवी. त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. परंतु ती नक्षी चिखलासाठीं होती. ओल्या डांबरावर तिची पकड कमीच. त्या दुहेरी डिस्केचे नट हवा न काढतां खोलले तर तुकडे उडून माणूस दगावूं शकतो. आणि रबर तर न वापरतांही म्हातारें होतें. म्हणून २००० सालापासून टायरच्या कडेवर चार आंकडे असतात, त्यांत २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यांतला समजावा. जुनें म्हणून जपलेला कुजका टायर ही निष्ठा आपल्या आठवणींशीं असते. गाडीशीं किंवा तींत बसणारांशीं नव्हे.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथांत नागसेन स्थविर यवनराजा मिलिंदास विचारतो कीं, ज्या रथांतून तूं आलास तो रथ म्हणजे काय? आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? राजाला प्रत्येक वेळीं नाहीं म्हणावें लागतें, आणि या सर्वांच्या जुळणीस रथ हें नांव आहे असें अखेर ठरतें. हें खरें असेल तर जुनी गाडी राखणें म्हणजे तिच्या अवयवांमधील परस्परांचें नातें राखणें होय. चाक नवें असो, रबर नवें असो. बाकीच्या अवयवांनीं ज्या मापाच्या भरंवशावर आपलें काम पत्करलें आहे, तें माप मोडूं नये. बसणें हें हबापुरतें असतें; जुळणें हें सबंध गाडीशीं असावें लागतें.

असो. स्नेह्यांनीं अखेर २०५/८० आर १६ मापाचे पांच टायर घेतले. त्यांची उंची २९ इंचांच्या आंतच राहते. पांचवा स्टेपनीसाठीं. डिस्का नव्या घेतल्या, पण बोल्टांचें वर्तुळ, हबाचें भोंक आणि चाकाची आंतबाहेरची बैठक जुन्याशीं ताडून पाहिली. डाव्या बाजूच्या नटांचे आटे या गाडींत उलटे असतात, हें त्यांनीं मुलास स्वतःच्या हातानें फिरवून दाखविलें. चिरंजीवांचा चेहरा दोन दिवस उतरलेला होता. तिसऱ्या दिवशीं आजीला मागें बसवून त्यांनींच ताम्हिणी घाट उतरला. परत आल्यावर त्यांस चाकांविषयीं कांहींच बोलावयाचें नव्हतें, आणि आजींनीं मात्र वाटेंत दिसलेल्या धबधब्यांची गोष्ट सांगितली.